आठवी ओळ

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

ऑफिसात कुठेही काही लिहिलं की ते साठतं. मेल, चॅट, बोर्ड — सगळं. आणि जे साठवतं त्याच्यावर आज सकाळपासून माझा विश्वास उरलेला नाही. म्हणून ही कागदाची वही. घरी येताना हैदराबादच्या कोठी बाजारात उतरून घेतली.

घडलं ते असं. रोज पावणेदहाला आमचं स्टँडअप असतं. पंधरा मिनिटं, उभ्याने. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या — काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. आम्ही सात जण. चार इथे, तिघं बेंगळुरूहून फोनवर. मी स्क्रम मास्टर. नाव मोठं, अधिकार शून्य! लोकांचे अडथळे दूर करायचे आणि नियम पाळून घ्यायचे, एवढंच काम. नोंदी आता माणूस घेत नाही. बॉट घेतो, म्हणजे एक संगणकी प्रोग्राम. तो सगळं ऐकतो, आणि दहा वाजता प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहून मेल पाठवतो. इंग्रजीत असते, इथे मराठीत उतरवते.

आज आठ ओळी होत्या.

आठवी अशी: "नागसेन. काल — वीज गेल्यावर पंप पुन्हा सुरू होण्याची चाचणी. आज — तीच. अडथळा — तारामती मॅडमचं उत्तर यायचं आहे."

तारामती मॅडम म्हणजे मी. नागसेन सोनकांबळे आमचा टेस्टर होता, सॉफ्टवेअर तपासणारा. तेवीस सप्टेंबरला डेंग्यूने गेला. वय एकतीस.

११ नोव्हेंबर

आजही. शब्दाला शब्द तोच. बाकीच्यांपैकी कुणी तो मेल उघडतच नाही. रोज शेवटपर्यंत वाचणारी मी एकटी.

१२ नोव्हेंबर

कौस्तुभला दाखवलं. बॉट त्यानेच बसवलाय.

"मॅडम, मशीन आहे ते. जुन्या नोंदी खाऊन वाढलंय. अंदाज मारतं."

"गेलेल्या माणसाचा अंदाज?"

"त्याला काय कळतंय, माणूस गेलाय का लीववर आहे!" हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. माझ्यासमोर यादीतून नागसेनचं नाव काढून टाकलं. "झालं. अब नै आता वो."

पोरगा हुशार आहे. घर मराठी, चार पिढ्या हैदराबादेत. मराठी बोलतो फाडफाड, वाचताना मात्र बाराखडी लावतो. ही वही त्याच्या टेबलावर उघडी राहिली तरी भीती नाही!

१३ नोव्हेंबर

यादीत नाव नाही. मेलमध्ये ओळ आहे.

आणि ओळ बदललीय. "काल — बॅटरी वीस टक्क्यांखाली असताना चाचणी. आज — तीच. अडथळा — तारामती मॅडमचं उत्तर यायचं आहे."

दुपारी नागसेनच्या सगळ्या जुन्या नोंदी काढून बसले. चाळीस चाचण्या. बॅटरी किती भरलेली होती, ते एकीतही लिहिलेलं नाही. वीस टक्क्यांचा उल्लेख एकदाही नाही. मग हे बॉटने खाल्लं कुठून?

कौस्तुभला विचारलं नाही. पुन्हा हसला असता. नसता हसला तर ते जास्त वाईट.

१४ नोव्हेंबर

आम्ही सलाइनच्या पंपाचं सॉफ्टवेअर करतो. तासाला किती मिलिलिटर आत जायचं ते हा पंप ठरवतो. लॅबमध्ये असे सहा पंप ठेवलेत, पाण्याच्या बाटल्यांवर चालवायला. लॅबची किल्ली इस्माईलभाईंकडे. आज जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"मॅडम, वो कोने वाले पंप कू सुबू-सुबू कौन चला रा?"

"कुणी नाही."

"मैं ताला खोलतूँ तो गरम मिलता."

"तुम्हीच बंद करायला विसरत असाल."

"मेरेकू नक्को बोलो मॅडम. रोज प्लग निकाल के जातूँ मैं."

कोपऱ्यातला पंप नागसेन वापरायचा. मी इस्माईलभाईंना म्हटलं, आठवड्याची रजा घ्या, थकलात. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू थकलेली मी आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ओळ आहे. आता तिच्याकडे न बघता राहवत नाही. दहा वाजायच्या आधीच मेल उघडून बसते.

आज नागसेनचं जुनं कार्ड उघडलं. बोर्डवर प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं. ते डावीकडून उजवीकडे सरकतं — करायचं, चालू, चाचणीत, पूर्ण. ज्याचं कार्ड त्यानेच सरकवायचं, ही पहिली शिस्त. बारा वर्षं मी हे शिकवतेय. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते — दुसऱ्याच्या कार्डाला हात लावायचा नाही, मीसुद्धा लावत नाही.

कार्डाच्या इतिहासात लिहिलंय: ४ सप्टेंबर, दुपारी ३:५०. "चाचणीत"मधून "पूर्ण"मध्ये. सरकवणारी व्यक्ती — तारामती.

मी विसरले नव्हते. फक्त आठवत नव्हते.

४ सप्टेंबरला स्प्रिंट, म्हणजे आमच्या कामाचा ठरलेला टप्पा, संपत होता. दुसऱ्या दिवशी मिलादची सुट्टी, परवा गणपती विसर्जन, रस्ते बंद होणार म्हणून सगळ्यांना लवकर निघायचं होतं. चार वाजता मोठ्या साहेबांपुढे आढावा. उरलेल्या कामाच्या तक्त्याची रेघ शून्याला टेकायला एकच कार्ड अडून बसलेलं. नागसेन येऊन म्हणाला होता, "मॅडम, चाळीसात दोनदा पंप भलत्याच वेगाने सुरू झाला. आधीच्या पेशंटचा वेग उचलतोय असं वाटतं. पण का ते सापडेना. कार्ड उघडं ठेवू ना?" मी म्हटलं, सोमवारी सांगते.

तो गेला आणि मी कार्ड सरकवलं. रेघ शून्याला टेकली. टाळ्या वाजल्या. पुढच्या स्प्रिंटमध्ये नवं कार्ड उघडणार होते. उघडलं नाही. सोमवारी त्याने पुन्हा विचारलं, लेखी. मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देण्याला काही कारणही नव्हतं. राहिलं, एवढंच.

१८ नोव्हेंबर

ईशा नागसेनच्या जागी आलीय. चोवीस वर्षांची. बोलते कमी, विचारते नेमकं.

"मॅडम, अठ्ठावीस तारखेला मला चाचणीच्या कागदावर सही करायचीय. वीज गेल्यावर पंप पुन्हा सुरू होतो, हे मी तपासलेलं नाही. पण ते 'पूर्ण' आहे ना? तुम्हीच बंद केलंय, म्हणून विचारते."

एक डिसेंबरला हे सॉफ्टवेअर बेचाळीस हॉस्पिटलांत जाणार. ट्रायलचे बारा पंप सप्टेंबरच्या दहा तारखेपासून शहरातल्या दोन हॉस्पिटलांत चालू आहेतच.

मी म्हटलं, "बघून सांगते."

अगदी त्याच आवाजात म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं.

१९ नोव्हेंबर

आहे.

२० नोव्हेंबर

आज बॉट बंद करायला लावला. कौस्तुभने माझ्यासमोर बंद केला, पासवर्ड बदलला, वर हात जोडले — "लो मॅडम, शांती!" स्टँडअप झालं. नोंदी मी हाताने घेतल्या. किती मोकळं वाटलं! पूर्वीसारखं, पेन आणि कागद.

दहाला मेल आला.

आमच्या सातांपैकी कुणाचीच ओळ नव्हती. एकच होती. नागसेनची.

कौस्तुभला बोलावलं. त्याने तीनदा तपासलं. यावेळी हसला नाही. घसा खाकरला आणि म्हणाला, "मॅडम, मेरेकू ये दिखाया नै आपने. ठीक है?"

घरी मिस्टरांना, अविनाशना, सांगितलं. ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तारा, बंद केलंस ना? मग संपलं." चाळीस वर्षं बँकेत काढली त्यांनी. बंद म्हणजे बंद.

२१ नोव्हेंबर

आज अडथळ्याचे शब्द बदलले.

"अडथळा — ताईंच्या उत्तराची वाट आहे."

इंग्रजी मेलमध्ये, रोमन अक्षरांत — ताई.

ऑफिसात तो मला कायम मॅडम म्हणायचा. मीच बजावलं होतं. दोघं नांदेडकडचे, दोघं एका समाजाचे, लोक लगेच वशिला म्हणतात. त्याला नोकरीसाठी बोलावलं मी होतं, पण मुलाखत त्याने स्वतः काढली. संध्याकाळी मेट्रोत बसलो की मग तो ताई म्हणायचा. "ताई, आज जरा जास्तच रागावलात." "ताई, गीताने भाकरी पाठवलीय, घ्या." मेट्रोच्या डब्याबाहेर कुणी हे ऐकलेलं नाही. ऑफिसातल्या कुठल्याही कागदावर, कुठल्याही मीटिंगमध्ये हा शब्द नाही. असूच शकत नाही.

मी सत्तावन्न वर्षांची बाई आहे, गणितात एमएस्सी आहे, आणि मला एका ओळीची भीती वाटतेय.

२२ नोव्हेंबर

नाही. भीती ओळीची नाही. ओळ खरं बोलतेय याची आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आठला ईशाला घेऊन लॅबमध्ये गेले. इस्माईलभाईंनी कुलूप उघडलं आणि आत यायला नकार दिला. "तुमे जाव. मैं यहींच बैठतूँ."

कोपऱ्यातला पंप गरम होता. प्लग बाहेर.

ईशाला फक्त एवढंच सांगितलं — बॅटरी वीसच्या खाली उतरू दे. तिने विचारलं, "वीसच का?" मी म्हटलं, "नागसेनचं म्हणणं होतं." खोटं नव्हे.

एक काल्पनिक पेशंट घातला, वेग तासाला दीडशे. तो काढला. दुसरा घातला, वेग चाळीस. ईशाने प्लग ओढला. दहापर्यंत मोजलं. परत लावला.

पडदा काळा झाला, उजळला. पंप सुरू झाला. दीडशेवर. अलार्म नाही, लाल दिवा नाही. बाटलीतून पाणी धावायला लागलं.

"अय्यो," ईशा म्हणाली. एवढंच.

पुन्हा केलं. नऊ वेळा. नऊच्या नऊ वेळा दीडशे.

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, खरा माणूस जोडलेला असता तर?"

२५ नोव्हेंबर

विवेककडे गेले. तो प्रॉडक्ट ओनर. काय बनवायचं आणि कधी बाहेर काढायचं, हे तो ठरवतो. वय अडतीस, गोड बोलतो, तेलुगू रिवाजाने नावाला आदराचं 'गारू' जोडून.

"तारामती गारू, बसा ना. कॉफी?"

सगळं सांगितलं. बॉटचं नाही. पंपाचं.

"बारा पंप अडीच महिने चालतायत. तक्रार एकही नाही. शून्य! पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ, पहिलं कार्ड तुमचंच."

"पुढच्या स्प्रिंटपर्यंत ते बेचाळीस हॉस्पिटलांत असेल."

"गारू, रिलीज स्क्रम मास्टरने थांबवायचं असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग?" हसून खांदे उडवले. मग आवाज उतरवला. "फेब्रुवारीत रिटायर होताय. ते कार्ड कुणी बंद केलं ते बोर्डवर दिसतं, गारू. मी पाहिलंय. मी कुणाला सांगणार नाही. तुम्हीही राहू द्या."

म्हणजे त्याला ठाऊक आहे. म्हणजे माझं बोलायचं दार त्याने बंद केलंय, आणि प्रेमाने!

परत जागेवर आले तर ईशा सहीचा कागद समोर घेऊन बसलेली. पेन बंद.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. घरी प्रस्तावना वाचून निघाले, दरवर्षीप्रमाणे.

स्टँडअप. बाकीच्या सहांचं झालं. माझी पाळी शेवटची असते आणि मी नेहमी एकच म्हणते — अडथळा नाही. आज म्हटलं:

"काल — चार सप्टेंबरला केलेली माझी चूक तपासली. आज — ती दुरुस्त करणार. अडथळा — मी. नागसेनचं कार्ड मी सरकवलं होतं. चाचणी झालेली नव्हती. त्याने मला दोनदा विचारलं. मी उत्तर दिलं नाही. उत्तर असं आहे — कार्ड उघडं राहील."

आणि मोठ्या पडद्यावर, सगळ्यांच्या देखत, कार्ड धरून "पूर्ण"मधून "चाचणीत" आणून ठेवलं. तक्त्याची रेघ शून्यावरून वर उठली.

बेंगळुरूच्या तिघांपैकी कुणाच्या तरी मागे कुकरची शिट्टी झाली. विवेक खोलीतून निघून गेला.

साडेदहाला गुणवत्ता विभागात गेले. तो विवेकच्या हाताखाली नाही. लेखी निवेदन दिलं, नऊ चाचण्यांचे कागद जोडले. ईशाने न सांगता स्वतःची सही केली — "माझ्यासमोर घडलं." मी रागावले. म्हटलं, तुझं नाव कशाला अडकवतेस. म्हणाली, "टेस्टर मी आहे ना, मॅडम?"

मेल बघायचा राहूनच गेला.

२८ नोव्हेंबर

रिलीज थांबलं. ट्रायलचे बाराही पंप परत मागवलेत. मला बोर्डवरून काढलंय. चौकशी पूर्ण होईपर्यंत फक्त बघता येईल, हात लावता येणार नाही. योग्य आहे.

विवेक लिफ्टमध्ये भेटला. "समाधान झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "हो." खरंच झालं होतं. किती दिवसांनी छातीवरचं उतरलं! बारा पंप, अडीच महिने, तक्रार शून्य. वेळेत लक्षात आलं. कुणाला काही झालं नाही.

परवापासून मेल येत नाही. बॉट बंद आहे तो बंदच. इस्माईलभाई म्हणतात, पंप थंड.

मेट्रोत शेजारची जागा रिकामी होती. मुद्दाम पिशवी ठेवली नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आज जाणार होतं. गेलं नाही. शांत झोप लागली.

२ डिसेंबर

गीताचा फोन. नागसेनची बायको. तो गेल्यानंतर पहिल्यांदाच. ऑफिसने त्याच्याकडच्या वस्तू परत मागितल्यात. "ताई, तुम्हीच या. त्या ऑफिसच्या माणसांना मला घरात घ्यायचं नाही. आणि एक दाखवायचंय तुम्हाला. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळेल."

परवा जाईन म्हटलं.

४ डिसेंबर २०२५, गुरुवार

गीता नागसेन सोनकांबळे यांच्याकडून, त्यांच्या घरी, सकाळी अकरा वाजता मला मिळालं:

ऑफिसचं ओळखपत्र, एक.
लॅपटॉप, चार्जरसह, एक.
हॉस्पिटलच्या कागदांची झेरॉक्स, अकरा पानं. मृत्यूचं कारण म्हणून डेंग्यू आणि फुफ्फुसांत पाणी, असं लिहिलेलं.
खिशातली छोटी वही, एक. उशीखाली सापडलेली. तिचं शेवटचं पान इथे उतरवते, कारण वही माझ्याजवळ राहणार नाही:

"२२ सप्टें. माझ्या बेडचा पंप आपलाच आहे! ट्रायलचा, नंबर ७. सकाळी वीज गेली, मिनिटात आली. डॉक्टरांनी चाळीस लावलं होतं, दीडशेवर सुरू झाला. सिस्टरला दाखवलं, तिने कमी केला. दुपारी २:४० वीज परत गेली. परत दीडशे. बेल वाजवतोय, कुणी येत नाही. गीता डबा आणायला गेलीय. उठवत नाही. ताईंना फोन लावतो."

वरील सर्व आजच दुपारी साडेतीनला गुणवत्ता विभागाच्या अधिकाऱ्यांना दिलं. पोच घेतली. सोबत माझा फोनही दिला. २२ सप्टेंबर, दुपारी २:४४, नागसेन, न घेतलेला कॉल, एक. मी प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये होते.

त्यांनी यादीत लिहून घेतलं.